तपासली म्हणे!

‘तपासली’ असं लिहिलंयस. काय तपासलंस?

डायव्हिंगच्या टाकीवर नवा कोरा स्टिकर आहे. त्यावर महिना आहे, वर्ष आहे, तुझी लपेटदार सही आहे. आणि व्हॉल्व्ह जिथे टाकीच्या मानेवर बसतो, तिथे गेल्या मोसमाचं मीठ तसंच आहे. पांढरं, कडक, जागचं न हललेलं. व्हॉल्व्ह काढला असतास तर ते मीठ सुटलं असतं. म्हणजे व्हॉल्व्ह निघालाच नाही. व्हॉल्व्ह निघाला नाही म्हणजे आत दिवा गेला नाही. आत दिवा गेला नाही म्हणजे तू काहीच पाहिलं नाहीस. मग सही कशावर केलीस? रंगावर?

वरून कीर्तन, आतून तमाशा. टाकी फडक्याने पुसून पिवळीधमक केलीस, फोटो काढून ग्रुपवर टाकलास, चार अंगठे मिळाले, झाली तपासणी! अरे, पाण्याखाली माणूस रंग ओढत नाही, आतली हवा ओढतो.

बस खाली. आज ऐकून घ्यायचं. मधे बोलायचं नाही.

तुला येत नसतं तर मी ओरडलो नसतो, शिकवलं असतं. ज्याला येत नाही त्याच्यावर ओरडणारा मास्तर मूर्ख. पण तुला येतं. अर्ध्या रात्री उठवून विचारलं तरी धडाधड सांगशील. टाकी सावकाश रिकामी करायची. आत दाब उरला नाही याची खात्री झाल्याशिवाय पान्ह्याला हात लावायचा नाही. जाळी आणि बुडाचा रबरी बूट काढायचा, कारण खारं पाणी तिथेच अडकून बसतं. बाहेरून पोचा, खोल ओरखडा, जळल्याची खूण, वेल्डिंगचा चटका शोधायचा. खांद्यावरचे शिक्के वाचायचे: कुणी बनवली, कोणत्या धातूची, किती दाबाची, शेवटची हायड्रो टेस्ट कधीची. मग आत दिवा सोडायचा. भिंत बघायची, बूड बघायचं, खांद्याची आतली बाजू बघायची. गंजाचे खड्डे सुटे आहेत की रांगेने आहेत, ते बघायचं. मानेचे आटे छोट्या आरशात एकेक करून न्याहाळायचे. नाक लावून वास घ्यायचा. शेवटी व्हॉल्व्ह: बर्स्ट डिस्क, आत उतरणारी बारकी नळी, नवी ओ-रिंग.

हे सगळं परीक्षेत लिहिलंस आणि पैकीच्या पैकी मार्क घेतलेस. ते मार्क परत करतोस का? कारण कागदावर येणारी आणि हातून न होणारी गोष्ट ही विद्या नसते, पाठांतर असतं.

आता तुझ्या सबबी घेऊ. एकेक. घाई नाही मला.

पहिली सबब. “सर, मागच्या वर्षी तर टाकी चांगली होती.”

मागच्या वर्षी तूही चांगला होतास. काय झालं मग?

मागच्या वर्षीच्या आणि आजच्या मधे एक पावसाळा गेला. डहाणूचा पावसाळा. तो काय करतो ते तुला मी सांगायचं? किनाऱ्यावरच्या घराच्या खिडकीचे गज बघ. दाराच्या कड्या बघ. बोटीचे नटबोल्ट बघ. सगळीकडे गंज दिसतो तुला, फक्त टाकीच्या आत दिसत नाही. का? तर तिथे तू बघतच नाहीस. मोसमाच्या शेवटच्या दिवशी कुणीतरी टाकी पार शून्यावर आणली, व्हॉल्व्ह उघडाच ठेवला, चमचाभर समुद्र आत शिरला. तू तशीच भरलीस आणि शेडमध्ये टेकवून ठेवलीस. चमचाभर खारं पाणी आणि दोनशे बार दाबाची हवा, एकत्र, बंद जागेत, चार महिने. गंजाला आणखी काय लागतं? उघड्यावर जे काम वर्षभरात होतं, ते दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये फार लवकर उरकतं.

आणि पोलादी टाकीतला गंज नुसता धातू खात नाही. तो हवेतला ऑक्सिजन खातो. विसरलास? ओलसर पोलादी टाकी भरून महिनोन्‌महिने ठेवली, तर आतल्या हवेतला ऑक्सिजन माणूस जगेल त्याच्या खाली उतरू शकतो. गेज दाखवतो टाकी फुल. पोरगा तोंडात रेग्युलेटर धरतो, दोन-चार श्वास घेतो आणि खाली बसतो. धाप लागत नाही, गुदमरल्यासारखं होत नाही. कार्बन डायऑक्साइड साचला की जीव घाबरा होतो, ऑक्सिजन कमी पडला तर नुसती शुद्ध जाते. ओरडायला वेळ मिळत नाही. त्याच्या घरच्यांना तू काय सांगणार? मागच्या वर्षी चांगली होती?

दुसरी सबब. “इतकी वर्षं भरतोय, फुटली कुठं?”

वा! म्हणजे फुटली की तपासणार? बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत.

आपली नेहमीची अ‍ॅल्युमिनियमची टाकी घे. पोटात अकरा लिटर पाणी मावतं. तिच्यात २०७ बार दाबाने हवा भरतोस. एका चौरस सेंटिमीटरवर दोनशे किलोंहून जास्त रेटा. तुझ्या करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर दोन-तीन धडधाकट माणसं उभी आहेत आणि अशा जागा आत हजारो आहेत. ती टाकी तू मांडीला टेकवून भरतोस. गाणी ऐकत.

मानेतली चीर एका दिवसात पडत नाही. ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियम टाक्यांचं प्रकरण तुला शिकवलंय. त्या धातूला सतत दाबाखाली राहिल्याने मानेत आणि खांद्यात हळूहळू चिरा जायच्या. त्यातल्या काही टाक्या भरता भरता फुटल्या आणि भरणारी माणसं गेली. म्हणून बनवणाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस तो धातू सोडला आणि ६०६१ वर आले. जुन्या धातूच्या टाक्यांच्या आट्यांना विजेच्या भोवऱ्याची, एडी करंटची, वेगळी तपासणी लागते. आता सांग, कुठून तरी स्वस्तात मिळाल्या म्हणून आणलेल्या त्या दोन जुन्या टाक्यांच्या खांद्यावर काय कोरलंय? वाचलंस? त्यावर रंगाचे दोन हात मारून ठेवलेस. म्हणजे वाचायची सोयच ठेवली नाहीस. हे अज्ञान नाही. ही चलाखी आहे. आणि स्वतःशीच केलेली चलाखी फार महाग पडते.

“पण हायड्रो टेस्ट झालीय ना!”

हायड्रो टेस्टला तू ताईत समजतोस. पाच वर्षांतून एकदा टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या वर नेतात. २०७ बारच्या टाकीला ३४५ बारपर्यंत ताणतात. ताणल्यावर धातू पुन्हा मूळ मापाला येतो की नाही, ते मोजतात. फार महत्त्वाची परीक्षा आहे. पण ती परीक्षा आट्यांतली कोवळी चीर दाखवेलच असं नाही. आत चोपडलेलं तेल दाखवत नाही. बुटाखाली काल सुरू झालेला गंज दाखवत नाही. आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आत गेलेल्या खाऱ्या पाण्याची जबाबदारी तर मुळीच घेत नाही. म्हणून डायव्हिंगच्या धंद्यात पाच वर्षांच्या मधे दरवर्षी टाकी उघडून आत बघायची रीत आहे. ती रीत रिकामटेकड्यांनी काढलेली नाही. माणसं गमावलेल्यांनी काढलीय.

तिसरी सबब. “सर, सगळं लांब पडतं. इथे डहाणू-तलासरीत काय मिळतं?”

नाचता येईना, अंगण वाकडं. टॉर्च डहाणूत मिळत नाही? दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा मागवता येत नाही? पान्हा तर तुझ्या शेडमध्ये लटकलाय. आत बघायला चाचणी केंद्र लागत नाही, डोळे लागतात. हायड्रोसाठी मान्यता असलेलं केंद्र गाठावं लागतं, कबूल. मग गाठ की! पालघर जिल्ह्याच्या पोटातून मुंबई-अहमदाबाद हायवे जातो. तलासरीतून चढलास की एका बाजूला वापी, दुसऱ्या बाजूला मुंबई. लग्नाच्या खरेदीला रस्ता सापडतो, तो टाक्यांना सापडत नाही?

आणि नेतोस कशा त्या टाक्या? मी पाहिलंय. स्कूटरच्या पायाशी एक भरलेली टाकी उभी, मागे एक पोरगा, त्याच्या मांडीवर दुसरी. डहाणूहून तलासरी. गॅस सिलिंडर नियम, २०१६ हे नाव तोंडपाठ आहे ना तुझ्या? त्यात स्वच्छ लिहिलंय की भरलेलं सिलिंडर दुचाकीवरून न्यायचं नाही. सिलिंडर उन्हात ठेवायचं नाही. व्हॉल्व्हला आणि बाकीच्या फिटिंगला तेल किंवा तसलं वंगण लावायचं नाही. सरकारने हे नियम तुला छळायला केलेले नाहीत. पण तुला नियम म्हणजे पोलीस दिसला तरच आठवायची गोष्ट वाटते. दाबाखालच्या हवेला पोलीस ठाऊक नाही, बाबा. तिला पावती फाडता येत नाही आणि चहापाणीही चालत नाही.

आता ऑक्सिजनकडे येऊ. तिथे तर तू कमाल केलीस.

टाकीला हिरवा-पिवळा पट्टा चिकटवलास. ‘ऑक्सिजन क्लीन’ असं झोकात लिहिलंस. विचारलं, कशाने साफ केलीस? म्हणालास, “आधी रॉकेलने खळबळली, मग साबणाने.” ऐकून माझे हातपाय गार पडले. ज्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन सोडायचा, तिच्यात रॉकेल! आणि आटे कोरडे वाटले म्हणून ओ-रिंगला बोटभर सिलिकॉन ग्रीस चोपडलंस. काडी, काटक्या, हवा, सगळं रचलंस. आता फक्त ठिणगी राहिली. म्हणशील, ठिणगी कुठून येणार?

तू आणशील. व्हॉल्व्ह फाडकन उघडून.

हे तुला शिकवलंय. दाबाखालचा वायू एकदम सुटला आणि पुढे बंद तोंडावर जाऊन आदळला, की तो तिथे क्षणात दाबला जातो. दाबला गेला की तापतो. एका बारवरून दोनशे बारवर असा अचानक दाब चढला, तर हिशेबाने तापमान हजार अंशांपुढे जातं. क्षणभरच, पण तेलाच्या थेंबाला क्षण पुरतो. साध्या हवेत जे ग्रीस मुकाट बसून राहतं, ते दाबाच्या ऑक्सिजनमध्ये पेटतं. ते पेटलं की रबर पेटतं. रबर पेटलं की धातूसुद्धा जळायला लागतो. म्हणून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह हळू उघडायचा. म्हणून ऑक्सिजन सावकाश भरायचा, मिनिटाला चार-पाच बारच्या वर नाही. तू मात्र गिऱ्हाईक थांबलंय म्हणून मूठ पिळतोस.

१९६७ सालच्या २७ जानेवारीला अमेरिकेत अपोलो १ची केबिन पेटली. यान आभाळात नव्हतं. जमिनीवर होतं, सराव चालला होता. आत शुद्ध ऑक्सिजन होता, तोही बाहेरच्या हवेहून थोड्या जास्त दाबाचा. एरवी बिनधास्त वापरायच्या नायलॉनच्या जाळ्या, वेल्क्रोच्या पट्ट्या भराभर पेटल्या. तीन अंतराळवीर गेले. दार उघडेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या पाठीशी जगातले निवडक इंजिनिअर होते. तुझ्या पाठीशी काय आहे? रॉकेलचा बोळा.

“पण सर, आपण तर फक्त ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण देतो.”

ही तुझी सर्वांत लाडकी सबब. आणि सर्वांत खोटी. ३२ टक्के शेवटी होतात. सुरुवातीला काय होतं? तू आधी रिकाम्या टाकीत शुद्ध ऑक्सिजन सोडतोस आणि मग वरून हवा भरतोस. दोनशे बारची ३२ टक्क्यांची टाकी करायला आधी जवळजवळ २८ बार निव्वळ ऑक्सिजन आत जातो. तेव्हा आत ३२ टक्के नसतात, शंभर टक्के असतात. त्याच टाकीत, त्याच व्हॉल्व्हमधून, त्याच तुझ्या ग्रीसवरून. हे गणित सातवीच्या पोराला सुटेल. तुला सुटत नाही असं नाही. तुला सोडवायचं नाही. सोडवलं तर टाकी धुवावी लागेल.

आणि धुणं म्हणजे काय, तेही तुला ठाऊक आहे. गरम पाणी आणि मागे काही न ठेवणारं साबणद्रव्य. आत ब्रश फिरवायचा, पुन्हा पुन्हा विसळायचं. विसळलेलं पाणी स्वच्छ बाटलीत घेऊन हलवायचं. फेस टिकला तर साबण अजून आत आहे, परत विसळायचं. ओल्या पृष्ठभागावर पाणी सलग पसरलं पाहिजे. एके ठिकाणीही ते फुटून त्याचे थेंब झाले, तर तिथे तेल आहे, परत धुवायचं. बिनतेलाच्या हवेने किंवा नायट्रोजनने वाळवायचं. आधी पांढऱ्या उजेडात बघायचं, मग जांभळ्या यूव्ही दिव्यात. त्यात काही चमकलं तर परत पहिल्या पायरीवर. आणि काही चमकलं नाही म्हणून नाचायचं नाही, कारण सगळी तेलं त्या उजेडात चमकत नाहीत. व्हॉल्व्ह तर पुरता सुटा करायचा. एकेक भाग अल्ट्रासॉनिक क्लीनरमध्ये घालायचा. जुनी ओ-रिंग फेकायची, व्हायटॉनची नवी बसवायची. वंगण लागलंच तर ऑक्सिजनला चालणारं, क्रायटॉक्स किंवा क्रिस्टो-ल्यूबसारखं, आणि तेही नखावर मावेल एवढंच.

हे हातमोजे घालून करायचं. तू कसं करत होतास? वडापावचा कागद बाजूला, तळहाताला तेल, डोक्याला खोबरेल, आणि तोच हात ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हच्या आत. शेडच्या एका अंगाला बोंबील वाळतायत, दुसऱ्या अंगाला डिझेलचा जनरेटर धूर ओकतोय, आणि कॉम्प्रेसरचं नाक नेमकं जनरेटरकडे. मग गिऱ्हाइकाचं डोकं दुखलं की म्हणतोस, ऊन लागलं. ऊन नाही, कार्बन मोनॉक्साइड. वीस मीटर खोल गेलं की तोच विषारी वायू तिपटीने बाधतो. फिल्टर शेवटचा कधी बदललास? नोंद आहे? की तीही “आठवतंय मला” या वहीत आहे?

आणखी एक. ‘ऑक्सिजन क्लीन’ ही पदवी नाही, की एकदा मिळाली आणि भिंतीवर टांगली. धुतलेल्या टाकीत कुणी साध्या तेलकट कॉम्प्रेसरची हवा एकदा भरली, की त्या टाकीची सगळी सफाई पाण्यात. पट्टा मात्र तसाच. म्हणजे पट्टा खोटं बोलायला लागतो. आणि तो खोटं बोलतो तेव्हा तुझ्या नावाने बोलतो.

२०२१च्या एप्रिल-मे महिन्यात, कोरोनाच्या लाटेत, ऑक्सिजनसाठी माणसं रस्त्यावर धावत होती. तेव्हा केंद्राने कारखान्यांतली नायट्रोजन आणि आर्गॉनची सिलिंडरं ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी दिली. एकेक तास मोलाचा होता. तरी साफ न करता भरा असं कुणी म्हणालं नाही. त्या हलकल्लोळातही सफाईची पायरी गाळली नाही. आणि तुझ्यावर कसला हलकल्लोळ आलाय? शनिवारी मुंबईहून दोन गाड्या येणार आहेत, एवढाच ना?

आता ती मिश्रणाची वही काढ. टक्केवारीच्या रकान्यात ओळीने ३२, ३२, ३२. वरपासून खालपर्यंत. एकदाही ३१.६ नाही, एकदाही ३३.१ नाही. कॉम्प्रेसर आहे की टाकसाळ? अ‍ॅनलायझर पेटीतून निघालाच नाही, हे शाळकरी पोर सांगेल. ३२ टक्क्यांवर ३३ मीटर खोली ही हद्द. त्याच टाकीत चुकून ५० टक्के पडले तर हद्द १८ मीटरवर येते. त्याखाली ऑक्सिजनच झटका आणू शकतो. पाण्याखाली झटका आला की तोंडातलं रेग्युलेटर सुटतं. पुढचं मी सांगत नाही. तू सांग, एक अंक मोजायला किती वेळ लागतो? आणि तो अंक मनाने लिहायला हात कसा धजतो?

हे तुझ्यात आलं कुठून, तेही मला कळतं. डहाणूच्या खाडीचं पाणी गढूळ. झाईला बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की तू खाली उतरतोस आणि डोळे मिटल्यासारखाच काम करतोस. चाचपून दोर शोधायचा, चाचपून कापायचा. त्यात तुझा हात धरणारा या पट्ट्यात नाही, हे मी चारचौघांत सांगतो. पण ती सवय तू टाकीला लावलीस. टाकी उचलून बघायची, थापटून बघायची, “वाटतेय ठीक” म्हणायचं. गढूळ पाण्यात चाचपणं हे कसब आहे. दिवा हातात असताना चाचपणं हा आळस आहे.

शेजारी घोलवडला जा. बागेतला गडी चिकू भरताना बघ. एकेक फळ हातात घेतो, फिरवतो, डागी निघालं की बाजूला टाकतो. एक सडका गेला तर दिल्लीला पोचेपर्यंत खोकं जाईल, हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या मालाला भौगोलिक मानांकन आहे, ते त्या फिरवलेल्या हातांच्या जिवावर टिकतं. तू जीव भरतोस, फळं नाही. आणि फिरवून बघत नाहीस.

शेवटची सबब. “सर, इथे कोण विचारतंय?”

हीच ती सगळ्या सबबींची आई. कुणी विचारत नाही म्हणून करायचं नाही. मग ऐक. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली. तुझ्या घरात बंदराला विरोध असेल, शेजारी पाठिंबा असेल, तो वाद इथे नको. पण नाक्यावर उभा राहून तू काय म्हणतोस ते मी ऐकलंय. “पाण्याखालची कामं बाहेरची माणसं घेऊन जाणार, आमच्या पोरांना कुणी विचारणार नाही.” खरं आहे. नाहीच विचारणार. कारण विचारायला येणारा आधी नोंदवही मागेल. टाकीचा नंबर, तपासणीची तारीख, हायड्रोचा दाखला, मिश्रणाचं मोजमाप. तू त्याला काय दाखवणार? ३२, ३२, ३२? मग तो हसून गाडीत बसेल आणि तू म्हणशील, भूमिपुत्रावर अन्याय झाला. अन्याय जरूर होतात या जगात. हा त्यातला नाही. हा तू स्वतःच्या हाताने लिहिलाय, निळ्या शाईने.

आणि बंदर राहू दे. उद्या रात्री कुर्झे धरणावर कुणी बुडालं आणि तुला फोन आला तर? तेव्हा तू टाकी उघडून बघत बसणार आहेस? तेव्हा हाताला लागेल ती टाकी पाठीवर मारून उतरशील. मी ओळखतो तुला, नाही म्हणणार नाहीस. तुझ्या छातीत धमक आहे. पण ज्या टाकीच्या भरवशावर उतरशील, तिच्या आत काय आहे ते तुला ठाऊक नसेल. दुसऱ्याच्या आईचं पोर शोधायला गेलेला तू, तुझ्या आईचं पोर बुडवून येशील. हे शौर्य नाही रे. ही बेपर्वाई आहे, आणि तिला टाळ्या मिळतात म्हणून ती जास्त घातक.

रडू नको. रडून टाकी साफ होत नाही. काय करायचं ते ऐक.

या वर्षीचे सगळे स्टिकर खरवडून काढ. सगळे. नोंदवहीत त्या प्रत्येक टाकीसमोर लाल शाईने लिही, “तपासली नाही.” हिरवे-पिवळे पट्टे काढून टाक. ज्या टाक्यांचे शिक्के रंगाखाली गेलेत त्यांचा रंग उतरव आणि वाच. जुन्या धातूची निघाली तर ती भरायची नाही, पाण्याच्या पिंपाजवळ शोभेला ठेवायचीही नाही. हायड्रोला पाच वर्षं उलटलेल्या टाक्या टेम्पोत नीट बांधून चाचणीला पाठव. जी नापास होईल ती चपटी करून किंवा तुकडे करून मोडीत घाल, पुन्हा कुणी जोडू शकणार नाही अशी. रंगवून कुणाला विकलीस असं कानावर आलं, तर माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. बाकीच्या उघड. एकेक. दिवसाला दोन झाल्या तरी चालतील, पण झालेल्या दोन खऱ्या असू देत. कॉम्प्रेसरचं नाक जनरेटरपासून दूर, वाऱ्याच्या अंगाला ने. फिल्टरवर तारीख घाल. अ‍ॅनलायझर पेटीतून काढ आणि जो आकडा दिसेल तो लिही, आवडेल तो नाही. ऑक्सिजनसाठी धुवायची साधनं जमेपर्यंत मिश्रण बंद. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे. साधी हवा घेऊन सुखरूप वर आलेलं गिऱ्हाईक परत येतं.

यात मोसमाचा महिना जाईल. पैसे जातील. ग्रुपवर फोटो टाकता येणार नाही, कारण गंजलेल्या बुडाच्या फोटोला कुणी अंगठा देत नाही. जाऊ दे.

तुला येत नाही असं कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. तू करत नाहीस असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. ते उत्तर तू द्यायचंस, आणि तोंडाने नाही, टाकी उघडून.